कापड धरणारी बाई

तन्वी आणि ओम, मागच्या रविवारी आपण पडद्यावर बोलत होतो. तुमच्याकडे सकाळ होती आणि ओमच्या ओठावर दुधाची मिशी होती. तन्वी म्हणाली, "आजी, तुझ्या आईचा फोटो पाठव ना. शाळेत घराण्याचं झाड करायचंय, सगळ्यांचे फोटो चिकटवून." मी म्हटले, "नाही गं, तिचा फोटो नाहीच." तू "ओके" म्हणालीस आणि त्या चौकोनात नुसते नाव लिहायचे ठरवून टाकलेस.  मी खोटे बोलले नव्हते, पण पुरते खरेही बोलले नव्हते. उत्तर अर्धे आले की पुसून पुन्हा पूर्ण लिहायचे, ही मला शाळेपासूनची सवय. म्हणून हे लिहिते आहे. मराठी वाचताना तुम्ही अडखळाल, पण आई वाचून दाखवेल. यातले बरेचसे तिलाही ठाऊक नाही.

आम्ही सोलापुरात विजापूर रस्त्याच्या अंगाला, वस्ती संपते तिथे राहत असू. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी, आणि न्हाणीच्या पलीकडे मोकळे रान, थेट रेल्वेच्या रुळांपर्यंत. अप्पा, म्हणजे माझे वडील, रस्त्यांच्या खात्यात होते आणि नोकरीला मंगळवेढ्यात असत. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने यायचे आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने परत जायचे. थंडीत त्यांच्या पिशवीत हुरडा असे, आणि तो भाजला की एक दिवस घरात माणसे राहतात असे वाटे. बाकीचे दिवस घरात मी आणि अव्वा. आमच्यात आईला अव्वा म्हणतात. अव्वा अक्कलकोटच्या पलीकडची, कानडी मुलखातली. कानडी लिहायची, वाचायची. मराठी बोलायची, पण तिला वाचता येत नसे. मला अप्पांनी हट्टाने इंग्रजी शाळेत घातले होते आणि मला कानडीचे एक अक्षरही येत नव्हते. एका घरात राहणाऱ्या आम्हा दोघींना एकमेकींचे पुस्तक वाचता येत नसे, हे मला तेव्हा विशेष वाटले नव्हते. आता वाटते.

अव्वाला कोड होते. मी अगदी लहान असताना ते सुरू झाले. आधी ओठाच्या कडेला, मग डोळ्यांभोवती, मग हातांच्या बोटांवर. अंगावर पांढरे चट्टे उठतात एवढेच. ते दुखत नाही, एकाचे दुसऱ्याला होत नाही. आज मला हे एका ओळीत लिहिता आले, पण तेव्हा आमच्या घरात तो शब्दही कोणी उच्चारत नसे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे शेजारच्या ओट्यावर यायचे आणि आमचा ओटा टाकून पुढच्या घरी जायचे. पाहुणे आलेच तर दारातच सांगत, "पाणी नको, आत्ताच पिऊन आलो." गड्ड्याच्या जत्रेला सगळे सोलापूर लोटायचे. अव्वा मला नवे परकर-पोलके घालून अप्पांबरोबर पाठवायची आणि आम्ही परत येईपर्यंत घरात बसायची. उजेडी ती दाराबाहेर फारशी पडतच नसे.

मग दिवस कसा जायचा? भोंग्यांवर. गिरणीचा पहिला भोंगा झाला की अव्वा उठायची. दुसऱ्याला चूल पेटलेली असायची आणि भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा. तो आवाज मला अजून हवा तेव्हा ऐकू येतो. ती आठवड्यातून दोनदा कडक भाकऱ्या करायची, पापडासारख्या पातळ, आणि दुरडीत धोतराच्या तुकड्यावर रचून ठेवायची. जेवताना आम्ही समोरासमोर बसायचो आणि बोलणे थोडेच व्हायचे. भाकरी मोडल्याचा कडकड आवाज, वर शेंगाची चटणी, दही, कधी भरलेली वांगी. मी वाढायला गेले की ती ताटावर हात आडवा धरून म्हणायची, "साकु." म्हणजे कानडीत पुरे. कशालाही ती साकु म्हणायची. दुसरी भाकरी साकु, नवी साडी साकु, अप्पांनी डॉक्टर बदलू म्हटले तर तेही साकु.

मी कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा घरात कॅमेरा आला. अप्पांच्या एका साहेबांची बदली झाली आणि जाताना त्यांनी आपला जुना डबा कॅमेरा अप्पांना दिला. पत्र्याचा काळा डबा, पुढे भिंग, वर एक लहानशी काच, तिच्यात मान घालून पाहायचे. एका रोलवर बारा फोटो, तेही काळेपांढरे. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी त्या वर्षी सोलापूरच्या माळावरच्या रानटी झाडांचा एक अल्बम करायला घेतला होता. पाऊस सलग दोन वर्षे रुसलेला, आणि कागदात दाबून वाळवलेल्या नमुन्यांचा हात लावताच भुगा व्हायचा. सर म्हणायचे, "झाड जमिनीतून उभं कसं राहतं ते दिसलं पाहिजे. मेलेलं झाड काय, कुणीही दाबून ठेवेल." वर्गात कॅमेरा असलेली मी एकटी. मला कोणी कधी कशात मोजत नसे, त्यामुळे हे काम मिळाल्यावर मी रात्रभर वहीत रकाने आखत बसले असेन. अनुक्रमांक, लॅटिन नाव, मराठी नाव, जागा, वेळ, ऊन. 

पहिला रोल धुवून आला तेव्हा त्यात झाडे मुंगीएवढी आणि आभाळच फार. नव्या पेठेतल्या बोळात अंबादासअण्णांचा स्टुडिओ होता. घराणे साखर पेठेतले, तेलुगू, विणकरांचे. हे एकटे माग सोडून फोटोच्या मागे लागलेले. बारीक, उंच माणूस, हाताची बोटे औषधाने पिवळी पडलेली. त्यांनी माझा रोल दिव्यासमोर धरला आणि हसले. "ताई, ह्यो डबा मानसांसाठी हाय. सहा फूट लांब उभं ऱ्हावून काढायचा. तुमी त्याच्या नाकाला झाड लावलासा, त्याला दिसंल का?" मग त्यांनी खणातून वाचायच्या चष्म्याची एक सुटी काच काढली, भिंगावर चिकटपट्टीने बसवली, आणि डब्याला एक दोरी बांधून दिली. दोरीला हातभर अंतरावर गाठ. गाठ झाडाला टेकवायची, दोरी सोडून द्यायची, आणि श्वास रोखून खटका दाबायचा. "आन एक ध्यानात ठेवा," ते म्हणाले, "वरच्या काचंतनं दिसतंय ते आन भिंगाला दिसतंय ते, येवढ्या जवळनं सारखं नसतंय. कडंला काय न् काय जादा येतंय." मी ते वहीत लिहून घेतले आणि विसरले.

मी सकाळी लवकर घरामागच्या रानात जायची. तरवड, रुई, आघाडा, काटेरिंगणी, जमिनीला चिकटलेला सराटा. झाडामागे सगळा कचरा दिसतो, म्हणून दोन काठ्यांना अप्पांचे जुने धोतर बांधून मागे उभे करायची. वारा ते धोतर शिडासारखे फुगवायचा, काठ्या आडव्या व्हायच्या, मी पळत जाऊन उभ्या करायची, तोवर ऊन चढायचे. एकदा असेच झाले. मी कॅमेऱ्यात मान घातलेली होती आणि काचेत फडफडणारे धोतर एकाएकी स्थिर झाले, भिंतीसारखे. मी मान वर केली तर मागे अव्वा उभी. दोन्ही हातांनी धोतर ताणून धरलेले, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला.

"वारं लई हाय," ती म्हणाली. "काढ लौकर. भाकऱ्या करायच्या हायत."

त्या दिवसापासून ती रोज यायची. रानात तेव्हा चिटपाखरू नसे आणि ऊन कोवळे असे. हळूहळू दोरीची गाठही तीच टेकवू लागली, कारण माझा हात हलायचा. आमच्यात एरवी दिवसभरात झाले नसते एवढे बोलणे तिथे व्हायचे.

"गिरू, एक्केचा फोटो कोन लावतंय गं भिंतीला?" रुईला ती एक्के म्हणायची. "शेळीबी तोंड लावत न्हाई त्याला."

"सरांना पाहिजे."

"तुज्या सराला घरला काम न्हाई वाटतं." मग थोड्या वेळाने, कापडामागून, "हिरवं कसं येतंय गं त्यात?"

"हिरवं नाही येत, अव्वा. काळं येतं, पांढरं येतं, आणि मधलं राखाडी."

"तांबडं?"

"तेही राखाडीच."

"हौदा?" म्हणजे खरेच का. तिने धोतर पुन्हा ताणले. "म्हंजे त्याला रंग कळत न्हाई."

"नाही."

"बरं हाय की मग ते."

एकदा रोलवर शेवटचा फोटो उरला होता. मी म्हटले, "अव्वा, तुझा काढू का? इथं कोणी नाही." तिने कापड एकदम तोंडापर्यंत उचलले. "बेडा, बेडा. झाडाचंच काढ. कोन बघतंय ते झाडास्नी कळत न्हाई, म्हनून उभी ऱ्हात्यात." बेडा म्हणजे नको. मी पुन्हा विचारले नाही. फोटो धुवून आले की मी तिला दाखवायची आणि ती पेन्सिलीने प्रत्येकामागे कानडीत त्या झाडाचे नाव लिहायची. सरांची लॅटिन नावे मी तिला वाचून दाखवली की म्हणायची, "हे बारशाचं नाव हाय. घरचं नाव मी लिवते."

थोडासा पाऊस झाला आणि न्हाणीमागे कुर्डू उगवला. कुर्डूचा तुरा वर गुलाबी असतो, खाली पांढरा. मी धोतर घेऊन गेले तर अव्वा हसायला लागली. "पांढऱ्याम्होरं पांढरं दिसंल का? येवढंबी शिकवत न्हाईत तुमच्या कॉलेजात?" ती आत गेली आणि ट्रंकेतून आपले ठेवणीतले काळे इरकल घेऊन आली. ते लुगडे तिने लग्नानंतर चार वेळाही नेसले नसेल, कारण नेसून जायचे कुठे? तिने ते झाडामागे ताणून धरले आणि कुर्डूचा तुरा दिवा लावल्यासारखा उठून दिसला. मी खटका दाबला. सबंध रोलमधला तो सर्वांत चांगला फोटो निघाला.

सरांनी तो प्रयोगशाळेच्या मोठ्या टेबलावर ठेवला. आम्ही चौघी मुली भोवती उभ्या होतो. "वा," सर म्हणाले, "तुऱ्याचा केस न् केस आलाय." मग त्यांनी पेन्सिलीचे टोक फोटोच्या कडेला टेकवले. "पण हे काय? इथं पाच-सहा पांढरे ठिपके आहेत. कागद डेव्हलपरमध्ये नीट बुडला नाही, बुडबुडे राहिलेत. तुझा स्टुडिओवाला निष्काळजी दिसतो."

मी पाहिले. काळ्या कापडावर अव्वाची सावळी बोटे बुडून गेली होती आणि त्यांच्यावरचे पांढरे तेवढे वर आले होते. मधल्या बोटाचे टोक, अंगठ्याचे पेर, करंगळीजवळचा एक लांबट तुकडा. रोज ती भाकरी थापताना मी ते समोर पाहत होते. जगात दुसऱ्या कोणाला ते ओळखता आले नसते, मला क्षणात ओळखता आले. अंबादासअण्णांनी सांगितले होते, कडेला काही ना काही जादा येते.

"हो सर," मी म्हटले. "त्यांना सांगते."

शेजारची मैत्रीण म्हणाली, "दुसरीकडं धुवायला देत जा ना गं." आणि मी त्यालाही मान हलवली. तेवढेच. मी एवढी म्हातारी झाले, संसार केला, तीस वर्षे मुलांना इंग्रजी शिकवले, आणि त्या दोन वाक्यांइतके सफाईदार खोटे मला पुन्हा कधी बोलता आले नाही.

सर शिस्तीचे. दोन दिवसांनी ते स्वतः स्टुडिओत गेले, अंबादासअण्णांना चार शब्द सुनावले आणि कॉलेजचे सगळे काम काढून घेतले. नुसता अल्बमच नव्हे, स्नेहसंमेलनाचे, वर्गांचे, सगळे. अण्णांनी कुर्डूची निगेटिव्ह शोधली, तो कोपरा मोठा करून छापला आणि भर दुपारी आमच्या घरी आले. मी कॉलेजात होते. पुढचे त्यांनी मला नंतर सांगितले. अव्वा दाराआडून बोलली. त्यांनी फोटो ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "ताईस्नी दाखवा, काकू. सर म्हनत्यात तशी ही बुडबुडं न्हाईत, उगं माझं काम काढून घेतलं. बगा, नखं दिसायलीत. कुनाची तर बोटं हायत ती. माझं धुनं असलं नसतंय." अव्वाने दाराच्या फटीतून हात काढून तो फोटो उचलला. हात आणि फोटो एका ठिकाणी आले आणि त्यांना समजले. ते ओशाळून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या काकू. काय न्हाई. मी जातो." अव्वा म्हणाली, "थांबा. टांगा बोलवा."

दुपारचे प्रॅक्टिकल चालू होते. मी सूक्ष्मदर्शकावर होते. दारात आधी अंबादासअण्णा दिसले आणि त्यांच्यामागे अव्वा. सोलापुरात इतकी वर्षे राहून ती भर उन्हात गावातून येताना मी पहिल्यांदा पाहिली. डोक्यावर पदर होता, पण हात झाकलेले नव्हते. 

"सर कोन?" तिने विचारले.

सर पुढे आले. तिने तो मोठा केलेला फोटो टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी आपला उजवा हात पालथा ठेवला, बोटे पसरून. "ह्यांची चूक न्हाई," ती म्हणाली. "ही बोटं हायत. माझी. फोटू काढताना मागं कापड धरायला मीच असते. मी कापड धरनारी बाई."

सर एकदा फोटोकडे, एकदा हाताकडे पाहत राहिले. मग चष्मा काढून म्हणाले, "बसा बाई, बसा. स्टूल द्या गं कुणीतरी."

"बसत न्हाई. ह्यांचं काम काढून घेतलासा, ते परत द्या."

"देतो. आजच देतो." सर अंबादासअण्णांकडे वळले आणि आमच्या सगळ्यांदेखत त्यांना हात जोडले. "माझं चुकलं." अण्णांना कुठे बघावे ते कळेना.

या सगळ्या वेळात अव्वाने माझ्याकडे एकदाही पाहिले नाही. नाव सांगितले नाही, कोणाची कोण ते सांगितले नाही. त्यावरूनच मला कळले, की ती मला वाट करून देते आहे. माझे लग्न व्हायचे होते. कॉलेजात कोणाला काही ठाऊक नव्हते. जाताना ती दाराशी थांबली आणि पदर सारखा केला. खरे तर तो सारखाच होता. पदर सारखा करायला लागतो तेवढा वेळ मला होता. "ही माझी आई" म्हणायला त्याहून कमी वेळ लागतो. माझ्या कानाशी मैत्रीण कुजबुजली, "तुमच्याकडं कामाला आहे का गं?" आणि मी सूक्ष्मदर्शकात डोळा घातला. खाली काचपट्टी नव्हती. नुसता गोल पांढरा उजेड होता. मी त्यात पाहत राहिले, टांग्याच्या घोड्याच्या टापा ऐकू येईनाशा होईपर्यंत.

संध्याकाळी घरी गेले तर चूल पेटलेली, परातीत पीठ. मी उंबऱ्यावर बसले. "अव्वा," मी म्हटले.

"हात धू. चटनी ताजी कुटली हाय."

"अव्वा, मी..."

"जेव आदी." तिने भाकरी माझ्या ताटात टाकली. मग आपली मोडली. दोन माणसांच्या जेवणात तो आवाज किती मोठा होतो, ते मला त्या दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅमेरा घेऊन मागे गेले तर रानात दोन बांबू पक्के रोवलेले होते आणि त्यांच्यामध्ये धोतर ताणून बांधलेले. चारी कोपऱ्यांना तिने नाड्या शिवल्या होत्या, शेजारी काळे इरकल तसेच नाड्या लावून घडी केलेले. ठेवणीतल्या लुगड्याला तिने सुई लावली होती. मी हाक मारली. ती आतून म्हणाली, "आता वारं लागत न्हाई त्याला. तू काढ." त्यानंतर ती मागे आली नाही. पुढचे सगळे फोटो एकदम स्वच्छ आले, कडेला काही नाही. सरांनी वर्गात कौतुक केले. मी रोज सकाळी त्या रानात एकटी उभी राहायची, दोरीची गाठ स्वतः टेकवायची, आणि वाराही नसायचा.

अल्बम पुरा झाला. सर छान माणूस होते, आणि मला वाटते त्यांना काहीसे उमगले असावे. आभाराचे पान लिहिताना त्यांनी मला बाजूला बोलावून विचारले, "त्या कापड धरणाऱ्या बाईंचं नाव काय? घालायला हवं." मी म्हटले, "नीलव्वा." त्यांनी पेन तसेच धरून ठेवले, पुढचे ऐकायला. मी पुढचे सांगितले नाही. त्या पानाचा फोटो काढून मी घरी आणला. अव्वाने तो उजेडाकडे धरला. "काय लिवलंय?"

"तुझं नाव."

"आनि?"

"एवढंच."

तिने फोटो मला परत दिला. "साकु," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही तरी करता आले असते.

माझे लग्न पुण्याला झाले. तुमचे आजोबा पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्यांनी काही न कळल्यासारखे अव्वाकडे पाणी मागितले, आणि ते पिऊन आणखी एक तांब्या मागितला. मी त्यांना होकार दिला तो त्या दुसऱ्या तांब्यावर, हे त्यांना मी कधी सांगितले नाही. पुढे मी सुट्टीत सोलापूरला यायची. अव्वा आणि मी बोलायचो, पुष्कळ बोलायचो, पण त्या दुपारबद्दल नाही. दर वेळी मी ठरवून यायची आणि दर वेळी पुण्याची गाडी यायची.

ती गेली तेव्हा मी पोचले तोवर जवळच्यांनी आमच्यातल्या रीतीप्रमाणे तिला बसवले होते, कपाळाला विभूती, गळ्यात हार, पाठीशी पाट. आमच्याकडे गेलेल्या माणसाचा असा एक फोटो काढतात, घरच्यांना भोवती बसवून. पुष्कळांचा आयुष्यातला तो एकच फोटो असतो. कोणीतरी फोटोवाल्याला बोलावणे पाठवले होते. आले ते अंबादासअण्णा, केस पांढरे झालेले. त्यांनी तिवई उभी केली, भिंगावरची टोपी काढली, आणि खटका दाबायच्या आधी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली, नको. त्यांनी काही न विचारता टोपी परत बसवली आणि खाली मांडी घालून बसले. नातेवाइकांनी मला बोल लावला. मी सांगितले, तिला फोटो आवडत नसे. ते खरे होते. पण मी नको म्हटले ते तिच्यासाठी, की भिंतीवरून ती रोज माझ्याकडे पाहील म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही. तन्वी, तू फोटो मागितलास तेव्हा मी "नाहीच" एवढेच म्हणून थांबले, ते यामुळे.

आता मागे काय उरले आहे ते लिहून ठेवते. कॉलेजातला अल्बम राहिलेला नाही. मी दोनदा चौकशी केली. त्यात तसाही कुर्डूच्या फोटोची कड कापून टाकलेली होती. डबा कॅमेरा अप्पांनी कोणाला तरी दिला. इरकल माझ्याकडे आहे, चार नाड्यांसकट. अव्वा गेल्यावर महिन्याभराने अंबादासअण्णांनी पुण्याच्या पत्त्यावर एक खाकी पाकीट पाठवले. त्यात माझ्या सगळ्या निगेटिव्ह होत्या, एकही न हरवता. मी त्या भिंगाखाली घेऊन मोजल्या आहेत. सातांच्या कडेला बोटे दिसतात. तिच्या कानडी अक्षरातली झाडांची नावेही माझ्याकडच्या जुन्या प्रतींमागे शाबूत आहेत. ती मला आता वाचता येतात. साठी उलटल्यावर मी कानडी शिकले.

कुर्डूचा फोटो पाठवते आहे, कड न कापता. तन्वी, तुझ्या झाडावरच्या त्या चौकोनात तो चिकटव. मागे तिच्या अक्षराखाली मी माझ्या अक्षरात लिहिले आहे: कापड धरले आहे ती नीलव्वा, माझी आई.